शेवटचा शब्द यायच्या आधी

भरतेशनं फोनवर दोनच वाक्यं सांगितली. “अक्का, उद्या सकाळी ये. आणि येताना तुझा तो चष्मा घेऊन ये.”

“कशाला रे?” पद्मजानं विचारलं खरं. पण धाकटा भाऊ काय मागतोय हे तिला कळत होतं. आईला जाऊन तीन आठवडे होत आले होते. जयसिंगपूरच्या घराच्या गच्चीवरून आई खाली पडली, तेव्हा गच्चीवर तिच्याबरोबर एकच माणूस होतं. ते म्हणजे भरतेशची बायको, त्रिशला.

वाळवणाचे दिवस. कुरडया घालायला आलेल्या गल्लीतल्या बायका ऊन चढल्यावर घरी गेल्या आणि जाताना एक भांडण कानात घेऊन गेल्या. कुरडयांचा चीक करपला म्हणून सासू सुनेला चारचौघींत फाडफाड बोलली होती. त्यानंतर अर्ध्या तासात सासू खाली अंगणात. आईच्या मनगटावर नखांचे ओरखडे निघाले, आणि मामांनी त्यावरून पोलिसांत अर्जच दिला. भांडण, ओरखडे, आणि तिसरं कुणी नाही. लोकांना आणखी काय लागतं? आपल्याकडं भाकरी भाजायला वेळ लागतो, पण निवाडा कसा झटक्यात होतो!

आता हा चष्मा काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं भानामतीसारखं वाटेल.

मराठी वाक्य मोठं नाटकी असतं. कोण, कुणाला, कुठं, हे सगळं आधी सांगून टाकतं आणि काय केलं ते मात्र शेवटपर्यंत दाबून ठेवतं. ‘मांजरानं कोपऱ्यात सापडलेल्या उंदराला’ एवढं वाचून झालं तरी खरं म्हणजे काहीच ठरलेलं नसतं. मांजरानं त्याला खाल्लं असेल, सोडलं असेल, नुसतं हुंगून बघितलं असेल. पण मन कुठलं थांबायला! शेवटचा शब्द यायच्या आधीच ते ‘खाल्लं’ धरून मोकळं होतं. मग ‘सोडलं’ आलं की नजर अडखळते, डोळ्याचं पातं लवायच्या आत मागं मांजरावर जाते, सगळं नव्यानं जुळवते आणि परत पुढं येते. वाचणाऱ्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. चष्म्याच्या दांडीतल्या बारीक कॅमेऱ्यांना मात्र तो असतो.

डॉ. पद्मजा चौगुले यांनी हे यंत्र केलं ते वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी. मूल नेमकं कुठं चुकीच्या वाटेला लागतं ते कळलं, तर त्याला हात धरून परत आणता येईल, एवढाच विचार. यंत्राचं नाव कलदर्शक. पण चांगली सुरी घरात आली की ती फक्त भाजीच चिरेल असं थोडंच असतं! आधी वधूवर मंडळांनी ते उचललं. ‘नवऱ्यानं पहाटे उठून बायकोसाठी’ इथपर्यंत मुलगा वाचायचा, पुढं ‘डबा केला’ आलं की त्याची नजर धाडकन मागं, आणि मुलीकडचे पोहे न देताच उठायचे. लोक हसले, थट्टा झाली. मग एका जिल्हा न्यायालयानं साक्षीदाराला चष्मा घालायला लावला, आणि मग मात्र कुणी हसेना. जो माणूस घटनेच्या जागेवर होता, त्याच्या मनात वाक्याचा शेवट आधीच तयार असतो, असा तो तर्क. पद्मजानं स्वतः कोर्टात उभं राहून तो समजावून सांगितला होता. अनेकदा.

म्हणून भरतेशनं चष्मा मागितला तेव्हा तिला नाही म्हणता येईना. बाहेरच्यांच्या सुनांना चालतो, मग घरच्या सुनेला का नाही?

*

ती पोचली तेव्हा बाहेरच्या सोप्यात भरतेश एकटाच बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पत्र्याच्या पेट्यांचा त्याचा कारखाना आई गेल्यापासून बंदच होता.

“नदाफ फौजदार दुपारपर्यंत येतोय, माझा जबाब घ्यायला,” तो म्हणाला. “मी संशय आहे म्हटलं की गुन्हा दाखल. तिला घेऊन जाणार. नाही म्हटलं की मामाचा अर्ज फाइलला. सगळं माझ्या तोंडावर आलंय, अक्का. मी काय सांगू?”

“तुला काय वाटतं ते सांग.”

“मला काय वाटतंय तेच कळंना झालंय! रात्री वाटतं, हिनंच केलं. सकाळी तिच्या हातचा चहा पितो, तर वाटतं, शी, मी काय माणूस आहे.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “तुझं यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात. लाव तिला. एकदाचा निकाल लागू दे.”

त्रिशला आतल्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मूळचीच सडपातळ, आता नुसती काडी झाली होती. पद्मजाला वाटलं, ही चिडेल, रडेल, माहेरी निघून जाईल. तिनं तसलं काही केलं नाही. चष्म्याच्या डबीकडं बघून म्हणाली, “लावा. पण जेवण झालंय तयार, त्याच्या आधी की नंतर तेवढं सांगा.”

“आधीच करू,” पद्मजा म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि वाक्यं तयार केली. बरीचशी साधीसुधी, बाजाराची, पावसापाण्याची, नुसती नजर बसावी म्हणून. त्यांच्या मधूनमधून खरी वाक्यं. प्रत्येकाची दोन रूपं, शेवटचा शब्द तेवढा वेगळा. कोणतं रूप कधी येईल ते यंत्र ठरवणार. शब्द एकामागून एक पडद्यावर उमटतात आणि तिथंच राहतात, म्हणजे नजरेला मागं जायला वाट असते.

त्रिशलानं चष्मा चढवला. पहिली वाक्यं सरळ गेली. शेजारच्या पडद्यावर तिच्या नजरेचा हिरवा ठिपका शब्दावरून शब्दावर शांतपणे सरकत होता. भरतेश बहिणीच्या पाठीमागं उभा राहून तो ठिपका बघत होता.

मग आलं: ‘त्रिशलानं कठड्यापाशी उभ्या असलेल्या आईंना...’

ठिपका ‘आईंना’वर थांबला. शेवटचा शब्द उमटला, ‘धरलं’. आणि ठिपका उसळला. मागं थेट ‘त्रिशलानं’वर गेला, तिथून ‘आईंना’वर, पुन्हा मागं.

एका वाक्यावरून काही ठरत नसतं, असं पद्मजानं मनाला बजावलं. आणखी चार साधी वाक्यं गेली. मग तेच वाक्य दुसऱ्या रूपात आलं. शेवटचा शब्द, ‘ढकललं’. ठिपका त्यावरून असा सरकला, जणू रस्त्यात काहीच नव्हतं.

“बघितलंस?” भरतेश ओरडला. “बघितलंस अक्का? तिला ते वाचून काहीच झालं नाही! तिला ठाऊकच आहे!”

त्रिशलानं चष्मा काढला. तिनं दोघांच्या तोंडांकडं बघितलं आणि तिला काय ते समजलं. आणि पद्मजानं, खरं सांगायचं तर, त्या घडीला मानलं होतं. भावजयीनं आईला ढकललं. इतकी वर्षं नजरेच्या ज्या आलेखावर तिनं विश्वास ठेवला, दुसऱ्यांना ठेवायला लावला, तो डोळ्यांसमोर होता. आईची आठवण आली आणि समोर बसलेल्या बाईचा तिला राग आला. सरळसरळ राग.

भरतेश अंगणात जाऊन येरझाऱ्या घालायला लागला. पद्मजा आलेख मागंपुढं करत बसली. काहीतरी बोचत होतं. ‘ढकललं’ हा शब्द इतका सरळ कसा गेला? ज्या माणसानं खरंच ढकललंय, त्याला स्वतःच्या नावापुढं तो शब्द छापलेला दिसला तर निदान धस्स होईल. डोळ्याची बाहुली पसरेल. इथं काहीच नव्हतं. रोज पाठ म्हणावं तसं झालं होतं.

रोज पाठ!

ती ताडकन उठली. “भरतेश, आत ये. बस इथं.”

“मी कशाला?”

“बस म्हटलं ना!”

मोठ्या बहिणीचा तो आवाज त्यानं शाळेत असताना शेवटचा ऐकला असेल. तो बसला. पद्मजानं त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तीच वाक्यं लावली. तीच बाजाराची, पावसापाण्याची, आणि मधे तीच. ‘धरलं’ आलं आणि त्याचा ठिपका उसळून मागं गेला. ‘ढकललं’ आलं आणि ठिपका तेलावरून गेल्यासारखा गेला. तिनं दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. वेगळे ओळखू येईनात.

“तू त्या दिवशी गच्चीवर होतास?”

“मी कोल्हापुरात होतो. तुला माहीत आहे की.”

“मग तुझ्या नजरेला कुणी सांगितलं गच्चीवर काय झालं ते?”

पद्मजा खुर्चीत बसली, आणि आपण काय बोलतोय ते आपणच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी हळूहळू बोलायला लागली. “मन शेवटचा शब्द कुठून आणतं? आपण जे पुष्कळदा ऐकलंय, त्यातून. मांजर म्हटलं की खाल्लं, ते काय आपण प्रत्येक मांजराला बघून येतो म्हणून नाही. सगळे तसंच म्हणत आलेत म्हणून. आमच्या प्रयोगात माणसांना ताजी घटना दाखवून लगेच वाचायला लावत होतो. मधे कुणी बोलायचंच नाही. इथं तीन आठवडे अख्खी गल्ली बोलतेय. मामा बोलतोय. तू बोलतोयस. हिनं तिच्या नावापुढं तोच एक शब्द ऐकलाय, उठता-बसता. दुसरा शब्द तिच्या मनात येणार कुठून?”

“म्हणजे यंत्र खोटं?”

“यंत्र खरंच बोलतंय. पण गच्चीवरचं नाही. घरातलं बोलतंय.”

पद्मजाच्या डोळ्यांपुढं एक दुसराच माणूस आला. भावाच्या खुनाचा आरोप असलेला. अटकेआधी आठ महिने सारं गाव त्याच्याकडं बोट दाखवत होतं. त्याची नजरही अशीच सरकली होती, आणि पद्मजानं शपथेवर सांगितलं होतं की शास्त्राच्या दृष्टीनं शंकेला जागा नाही. तो अजून आत होता. हे कोर्टात जाऊन सांगावं लागणार. इतक्या वर्षांची इभ्रत एका दिवसात धुळीला मिळणार. आणि तरी सांगावंच लागणार.

पण ते नंतर. आधी समोरची. तिनं चष्मा डबीत घातला, डबी बाजूला सारली आणि त्रिशलाकडं वळली.

“काय झालं गं त्या दिवशी?”

त्रिशला हसली. ते हसू बघवत नव्हतं. “हे आत्ता विचारताय, अक्का? कमाल आहे तुमची. सगळ्यांनी मला सांगितलं काय झालं ते. विचारलं कुणीच नाही.”

“चुकलं आमचं. आता विचारतेय.”

त्रिशलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नवऱ्याकडं न बघता बोलायला लागली.

“कुरडयांवर जुनी साडी पांघरली होती, चिमण्या बसू नयेत म्हणून. वावटळ आली आणि साडी उडाली. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आहेत ना, त्यात जाऊन अडकली. आई कठड्यावर चढल्या. मी म्हटलं, राहू दे, मी काढते. तर म्हणाल्या, तुझ्या हातनं आजवर काय सरळ झालंय? मग मी जागची हलले नाही. उभी राहिले.” ती थांबली. “आणि माझ्या मनात आलं, पडू दे एकदा. म्हणजे कळंल.”

भरतेशनं मान वर केली. पद्मजाला वाटलं, अगं बाई, हे कशाला सांगतेस? कुणी विचारलं होतं का मनातलं?

“आलं मनात,” त्रिशला म्हणाली. “खोटं कशाला बोलू? सकाळपासून सगळ्या बायकांसमोर बोलून घेतलं होतं. आलं. आणि तेवढ्यात त्यांचा पाय सरकला. मी धावले. हात धरला मी त्यांचा, अक्का, दोन्ही हातांनी. पण माझे हात तेलाचे होते. सकाळपासून सोऱ्याला तेल लावत होते. धरला, आणि सुटला. नखं रुतवली तरी सुटला.” आता तिला रडू फुटलं. “रोज रात्री वाटतं, ते मनात आलं नसतं तर मी दोन पावलं आधी धावले असते का? तुमचं यंत्र ते सांगतं का बघा.”

“नाही सांगत,” पद्मजा म्हणाली. “मनात पहिलं काय येतं तेवढंच त्याला दिसतं. तिथून माघारी वळून माणूस काय करतो, त्याचा हिशोब आम्ही कधी मांडलाच नाही.”

भरतेश उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. पण रडतोय की संतापलाय, ते पाठीवरून काही समजेना. ‘पडू दे एकदा’ हे त्यानंही ऐकलं होतं. आणि तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

*

नदाफ फौजदार बोलायला गोड माणूस. चपला काढून आत आले, पाणी प्याले, आईच्या फोटोला हात जोडले आणि टॅब उघडून बसले.

“मॅडम, तुम्हीच न्हवं त्या चष्म्याच्या? बरं झालं भेटलासा. संशय निघाला तर वहिनींना सांगलीला तुमच्याच यंत्रावर न्यायचंय. एका दिवसात दूध का दूध.”

आता गप्प बसणं सोपं होतं. कुणी दोष दिला नसता. पद्मजानं टेबलाची कड घट्ट धरली. “नदाफसाहेब, चष्मा लावायची वेळ आली तर आधी माझा जबाब घ्या. या कामाला ते यंत्र चालत नाही. मी कोर्टात चुकीचं सांगितलं होतं, आणि आता ते कोर्टातच जाऊन सांगणार आहे.”

नदाफ डोळे बारीक करून तिच्याकडं बघत राहिले. “घरची माणसं हायत म्हणून म्हणताय का, मॅडम?”

हा प्रश्न आता जन्मभर विचारला जाणार, हे तिच्या लक्षात आलं. “घरच्या माणसामुळं कळलं,” ती म्हणाली. “आधीच कळायला पाहिजे होतं.”

“तुमचं तुम्ही साहेबांना सांगा.” ते भरतेशकडं वळले. “भरतेशभाऊ, आपलं काम करू. कुणावर संशय हाय का? तुमच्या शब्दांत सांगा, टॅब लिहून घेतोय. सावकाश.”

भरतेश भिंतीपासून वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, बहिणीकडं बघितलं नाही. टॅबकडं बघून बोलायला लागला.

“लिहा. माझी बायको त्रिशला हिनं...”

टॅबवर अक्षरं उमटत गेली.

“माझ्या आईला, गच्चीच्या कठड्यावरून...”

तो थांबला. त्रिशला दाराच्या चौकटीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. पद्मजाच्या मनात शब्द येऊन बसलासुद्धा होता. आता हा तो उच्चारणार, नदाफ उठणार, बाहेर गाडी मागवणार. तिला ओरडावंसं वाटलं, भरतेश, थांब!

“...पडताना हाताला धरलं होतं,” भरतेश म्हणाला. “तिचे हात तेलाचे होते म्हणून सुटला. ओरखडे त्याचेच आहेत. माझा कुणावर संशय नाही. आणि आणखी एक लिहा. कठडा दोन विटांचा आहे. वरचा मजला बांधायचा म्हणून मी तो सहा वर्षं तसाच ठेवला. आई दरवर्षी सांगत होती.”

नदाफांनी सगळं वाचून दाखवलं, सही घेतली. “मामांना समजावतो मी. पण साहेब काय म्हणतात ते बघावं लागंल,” म्हणाले आणि चपला घालून निघाले. भरतेश त्यांना पोचवायला दारापर्यंत गेला.

आत दोघी राहिल्या. त्रिशलानं डोळे पुसले आणि पद्मजाच्या समोर येऊन उभी राहिली.

“अक्का, खरं सांगा. ते मधेच थांबले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, काय म्हणतील?”

डोळ्यांवर आता चष्मा नव्हता. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

“ढकललं म्हणेल, असं वाटलं,” पद्मजा म्हणाली. “सगळं समजून उमजून, तरीसुद्धा तेच वाटलं.”

“मलाही,” त्रिशला म्हणाली.

भरतेश दारातून वळलाच होता. त्यानं ते ऐकलं आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.